आंबा, ऊस, गहू, सीताफळ

डॉ. प्रज्ञावती तायडे मॅडमची आणि माझी पहिली भेट जळगावच्या कॉलेजात, माझ्या मुलाखतीच्या वेळी झाली. संगणक विभागात कंत्राटी जागा निघाली होती आणि मी धुळ्याहून सकाळची पहिली एसटी पकडून, शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून वाटभर पाठ न टेकता आलो होतो. प्राचार्यांनी प्रमाणपत्रं चाळली, दोन-चार प्रश्न विचारले. खोलीच्या कडेला एक बाई बसल्या होत्या. त्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका आहेत एवढं शिपायाने बाहेरच सांगितलं होतं. संगणकाच्या मुलाखतीला त्या कशाला, ते काही मला कळेना. माझं आटोपल्यासारखं झालं तेव्हा त्यांनी एक कागद पुढे सरकवला. ए, यू, जी आणि सी ही चारच इंग्रजी अक्षरं पानभर उलटसुलट क्रमाने छापलेली होती.

“मोठ्याने वाचा,” मॅडम म्हणाल्या.

मी वाचू लागलो आणि तिसऱ्या ओळीपासून सुसाट सुटलो.

“हळू. तुम्ही स्टँडवर गाड्या पुकारत नाही आहात. एकेक अक्षर सुटं येऊ द्या.”

पान संपेपर्यंत त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. मग प्राचार्यांना म्हणाल्या, “आवाज स्वच्छ आहे. मला हेच द्या.” संगणकाबद्दल त्यांनी मला एक शब्दही विचारला नाही. मला नोकरी मिळाली ती ही अशी.

मॅडमना सत्तर वर्षं पूर्ण होत आहेत म्हणून हा गौरवग्रंथ निघतो आहे. संपादक मंडळाने मला ‘तांत्रिक सहकार्य’ या विषयावर लिहायला सांगितलं आहे. त्यांच्या संशोधनावर अधिकारी मंडळी लिहितीलच. मी पिंप्राळ्यात ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान चालवणारा माणूस. शिष्यवृत्तीचे अर्ज, निकालाची प्रिंट, पॅनकार्डातली चुकलेली जन्मतारीख, हा माझा आजचा उद्योग. पण मॅडमच्या कामात जे तांत्रिक म्हणतात ते मी फारसं केलं नाही. मी वाचलं आणि त्यांनी ऐकलं. त्याबद्दलच लिहितो.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी आधी थोडं. सजीवाच्या पेशीत मूळ दप्तर असतं, त्याला आपण डीएनए म्हणतो. ते दप्तर जागचं हलत नाही. कामापुरता त्याचा उतारा काढून बाहेर पाठवतात, तो आरएनए. तलाठ्याच्या कपाटात दप्तर आणि आपल्या हातात उतारा, तसंच. या उताऱ्यांमध्ये काही अगदी चिमुकले असतात, जेमतेम वीस-बावीस अक्षरांचे. ते स्वतः काही घडवत नाहीत. दुसऱ्या उताऱ्याला गाठतात आणि ‘तू थांब’ म्हणून सांगतात. कोणतं पान कधी वाढायचं थांबलं, रोपाने रोगाला कसं तोंड दिलं, यात या चिमुकल्यांचा मोठा हात असतो. जगभर संशोधक ते शोधत असतात. एखाद्याला असा तुकडा सापडला, तर तो पूर्वी कुणाला, कोणत्या पिकात सापडला होता हे बघायला एक जागा लागते. घरबसल्या उघडता येईल अशी ती जागा म्हणजे मॅडमनी उभा केलेला खान्देशातल्या पिकांचा आरएनए संग्रह. केळी, कापूस, ज्वारी, बाजरी आणि आपली भरताची वांगी. मोठमोठ्या संस्थांचे संग्रह तेव्हाही होतेच, पण त्यात आपली वांगी कुठे होती?

पानं तोडल्याबरोबर गोठवावी लागतात, नाहीतर आरएनए विरून जातो. त्यासाठी द्रवरूप नायट्रोजन लागतो. कॉलेजात तो कुठून येणार? मॅडमनी गायींच्या कृत्रिम रेतनासाठी गावोगाव टाकी घेऊन फिरणाऱ्या माणसाशी ओळख केली. तो यावलकडे जाणार असला की मॅडमही यावलकडे निघत. एकदा एका बांधावर शेतकऱ्याने धूर निघणारी ती टाकी पाहून विचारलं, “बाई, गाय कोठे शे?” मॅडम म्हणाल्या, “आज गाय नाही भाऊ, आज तुमच्या केळीचा नंबर.” त्या शेतकऱ्याचं नाव नोंदीत आहे. मॅडमच्या संग्रहात प्रत्येक नोंदीखाली पान कुणाच्या शेतातलं आणि ते कुणी तोडलं, दोघांचीही नावं असत. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पावरा आदिवासी शेतकऱ्याच्या ज्वारीची नोंद पाहून परदेशातून विचारणा आली की हे गृहस्थ कोणत्या संस्थेत काम करतात. मॅडमनी उत्तर लिहायला लावलं, “स्वतःच्या शेतात.”

नावांच्या बाबतीत त्या कडक होत्या. संग्रहाविषयीचा पहिला निबंध छापायला गेला तेव्हा त्यांनी माझं नाव स्वतःच्या बरोबरीने घातलं. विभागातल्या एका ज्येष्ठांनी हरकत घेतली की संगणक चालवणाऱ्याचं नाव लेखकांत कसं? मॅडमनी वाद घातला नाही. पुढच्या शनिवारी त्या ज्येष्ठांनाच वाचायला बसवलं. चहाच्या आत त्यांचा घसा बसला आणि हरकतही मिटली.

शनिवार हा वाचनाचा दिवस. बाहेरच्या प्रयोगशाळेतून फाईल आली, विद्यार्थ्यांनी जुन्या छापील निबंधांतून काही टाइप केलं, मी ते संग्रहात भरलं, तरी ती नोंद लोकांसाठी लगेच खुली होत नसे. एकाने मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने पडद्यावर बघत तेच अक्षर परत बोलायचं. दोन्ही जुळलं तर पुढचं. मॅडम मधोमध बसून ऐकणार. मी पहिल्याच आठवड्यात सांगून पाहिलं की हे काम संगणक क्षणात करतो. त्या म्हणाल्या, “करू द्या त्याला. आणि मग आपणही करू.”

ही रीत त्यांच्या घरातली. त्यांचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, भुसावळच्या रेल्वे यार्डात केबिनमध्ये होते. फोनवरून आलेला हुकूम ऐकणाऱ्याने जसाच्या तसा परत बोलून दाखवायचा आणि मगच रूळ बदलायचा खटका ओढायचा, हा तिथला नियम. आबा घरीही तेच करत. आईने मीठ, तेल, साबण सांगितलं की पिशवी हातात घेऊन दारात उभे राहून म्हणायचे, “मीठ, तेल, साबण. निघू?” मॅडम हे सांगताना हसत. पण आबांच्या हातून कधी गाडी चुकीच्या रुळावर गेली नाही, हेही लगेच सांगत.

पंख्याच्या घरघरीत जी आणि सी सारखेच ऐकू येऊ लागले, तेव्हा मॅडमनी अक्षरांना पिकांची नावं दिली. ए म्हणजे आंबा, यू म्हणजे ऊस, जी म्हणजे गहू आणि सी म्हणजे सीताफळ. मग दर शनिवारी दुपारी आमच्या खोलीतून तास न् तास ‘ऊस, गहू, गहू, आंबा, सीताफळ’ असा घोष चाले. चहावाल्याने एकदा मला बाजूला घेऊन विचारलंच, “भाऊ, बाईसना घर मोठं लगन शे का? बाजार भलता मोठा शे.” मी हो म्हणून टाकलं. त्या काळात आम्ही खूप हसायचो. आज लिहिताना पहिल्यांदा तेच आठवतं आणि मग बाकीचं.

बाकीचं असं. पर्णगुच्छ रोग लागलेल्या केळीच्या पोंग्यात, म्हणजे न उमललेल्या कोवळ्या पानाच्या सुरळीत, मॅडमना एक नवा चिमुकला आरएनए मिळाला. रोगट झाडात तो दर वेळी सापडे, निरोगी झाडात कधीच नाही. केळी रोगाशी झुंजताना हा तुकडा तयार करत असणार, असा निष्कर्ष निघाला. निबंध छापला, वर्तमानपत्रांत मॅडमचा फोटो आला, जिकडेतिकडे सत्कार झाले. आणि आनंदाची गोष्ट म्हणजे, अशा कामासाठी एक कायमचं केंद्र जळगावात व्हावं, अशी हालचाल वरून सुरू झाली. केंद्रात संग्रह सांभाळायला एक कायम जागा होती. त्या जागेवर कुणाचं नाव लागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या आईने धुळ्यात गल्लीभर पेढे वाटले. मी म्हणत होतो थांब, पण ती कुठली थांबायला.

पाहणी समितीचा दौरा तोंडावर आला होता. त्या शनिवारी आम्ही किडींचा विभाग वाचत होतो. केळीवर जो मावा पडतो, त्या माव्याचे आरएनए परक्या एका प्रयोगशाळेने नुकतेच खुले केले होते आणि तुलनेसाठी मॅडमना ते हवे होते. मी वाचत होतो. एका ओळीच्या मध्यावर मॅडमनी डोळे उघडले.

“थांबा. परत वाचा.”

मी परत वाचलं.

“पुन्हा. हळू.”

मी तिसऱ्यांदा वाचलं, आणि वाचता वाचता माझ्याच आवाजातून मला कळलं. ती आमची केळीची गाजलेली नोंद होती. अक्षर न् अक्षर तीच. पोंग्याच्या सुरळीत मावा दडून बसतो, रोग पसरवतो तोही हाच मावा. आम्ही घाईने पोंगा तोडून थेट टाकीत टाकला होता आणि त्याच्याबरोबर मावाही गेला होता. रोगट झाडात तो तुकडा सापडायचा, कारण रोगट झाडावर मावा असायचा. केळीचा त्यात काही संबंध नव्हता. संगणकाला विचारलं असतं तर त्यानेही सांगितलं असतं, पण माव्याची ही यादी आल्यापासून त्याला कुणी विचारलं नव्हतं.

त्या नोंदीवर चूक कबूल करणारी सूचना लावायचं मॅडमनी ठरवल्याचं कळताच प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. हात जोडून म्हणाले, “मॅडम, समिती येऊन जाऊ द्या. मग लावा काय सूचना लावायची ती.” मॅडम म्हणाल्या, “पाहुणे येऊन गेल्यावर घर झाडायचं का, सर?” त्या आपल्या खोलीत आल्या, चार ओळी लिहिल्या आणि माझ्या टेबलावर ठेवल्या. ‘ही नोंद केळीची नाही, केळीवर बसलेल्या माव्याची आहे. नमुना घेताना पोंगा उघडून झटकला नव्हता. चूक आमची. नोंद पुसलेली नाही, कारण ही चूक आणखी कुणाच्या हातून होऊ शकते.’ आणि खाली, ‘आजच लावा.’

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. या चार ओळींबरोबर माझी जागा जाणार हे त्यांना माहीत होतं आणि त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं. त्यांनी एक शब्द बोलावा अशी मी वाट पाहिली. त्या बोलल्या नाहीत. मी लाल अक्षरांत सूचना लावली आणि घरी गेलो.

समिती आलीच नाही. केंद्र दुसरीकडे गेलं. वर्षाअखेर माझं कंत्राट संपलं ते पुन्हा झालं नाही. मॅडमही त्याच सुमारास निवृत्त झाल्या. माझं सामान एका पिशवीत मावलं. धुळ्याला गेलो तर आईने सगळं ऐकून घेतलं आणि ताट वाढलं. म्हणाली, “बाई खरं बोलनी आनि तुनी नोकरी गई. दोन्ही खरंच शे. आते जेवी ले.” तिच्याएवढं समजूतदार मला होता आलं नाही. मला राग आला होता आणि तो बरीच वर्षं टिकला.

पण राग मॅडमवर होता, संग्रहावर नव्हता. कॉलेजने जुना सर्व्हर बंद करायचं ठरवलं तेव्हा मी सगळा संग्रह उचलून माझ्या दुकानाच्या इंटरनेटवरच्या खात्यावर आणून ठेवला. कुणाला सांगितलं नाही. संग्रह उघडत राहिला आणि तो कोण उघडा ठेवतंय हे कुणी विचारलंही नाही. फक्त एका व्यक्तीच्या लक्षात आलं. एका रविवारी सकाळी मॅडमचा मेल आला. वर नमस्कार नाही, खाली नाव नाही. कापसाच्या अमुक नोंदीत अमुक ठिकाणी गव्हाऐवजी सीताफळ हवं, एवढंच. मी दुरुस्त केलं आणि उत्तर पाठवलं, “झालं.”

पुढे कित्येक वर्षं आमचं बोलणं हे एवढंच होतं. त्यांच्याकडून रविवारी दुरुस्त्या, माझ्याकडून ‘झालं’. मॅडमचं मेहरूण आणि माझं पिंप्राळा एकाच गावात, स्कूटरवर जाऊन यायला असा कितीसा वेळ लागतो? पण त्या आल्या नाहीत आणि मी गेलो नाही. माझं लग्न झालं, मुलगी झाली, आई गेली. यातलं काही मॅडमना मी कळवलं नाही. आई गेली त्या आठवड्यात मी ‘झालं’ पाठवलं नाही, तेव्हा पुढच्या मेलमध्ये दुरुस्त्या नव्हत्या, नुसतं “घाई नाही” असं लिहिलं होतं. त्यांना कुठून कळलं होतं देव जाणे. मी ते दोन शब्द पुष्कळदा वाचले आणि तरीही गेलो नाही.

मग दुरुस्त्या चुकू लागल्या. आधी एखादी, मग बऱ्याच. जिथे अक्षर बरोबर होतं तिथे त्या बदल सुचवू लागल्या. मी मूळ कागदांशी ताडून पाहिलं. सगळ्या चुका एकाच जातीच्या होत्या, जी आणि सी यांच्या. छापलेल्या अक्षरांत ही दोनच एकमेकांसारखी दिसतात. मॅडमचं डोकं चुकत नव्हतं, डोळे चुकत होते. मी ते मेल पडद्यावर ठेवून दुकानात बसून राहिलो. एक गिऱ्हाईक अर्ज घेऊन उभं होतं, त्याला म्हटलं उद्या या. शटर ओढलं आणि मेहरूणला गेलो.

दार त्यांच्या थोरल्या बहिणीने, अक्कांनी उघडलं. मॅडम खिडकीशी संगणकापुढे बसल्या होत्या. अक्षरं त्यांनी एवढी मोठी केली होती की पडद्यावर एका वेळी तीनच मावत होती. मी दारात उभा असताना त्यांनी माझ्या दिशेने पाहिलं, पण माझ्याकडे नाही.

“जगदीशभाऊ आले आहेत,” अक्का म्हणाल्या.

“बसा,” मॅडम म्हणाल्या. “मागच्या दुरुस्त्यांचं ‘झालं’ आलं नाही तुमचं.”

“लावल्या नाहीत मी त्या.”

“का?”

“बरोबर नव्हत्या, मॅडम.”

त्यांनी संगणकाचा पडदा बंद केला. मग म्हणाल्या, “मला वाटतच होतं. गहू आणि सीताफळ आता मला एकच दिसतं. काचबिंदू आहे. जे गेलं ते परत येत नाही म्हणतात, आहे ते राखायचं.”

“कळवलं का नाही?”

“कुणाला? तुम्ही ‘झालं’च्या पुढे बोलत नव्हतात.”

“तुम्ही तरी कुठे बोलत होता?”

अक्का चहा ठेवायला आत गेल्या. मी विषय बदलायचा म्हणून एक बातमी दिली. संग्रहात सगळ्यात जास्त उघडली जाणारी नोंद कोणती, तर आमची चुकलेली. माव्यावर काम करणारे लोक तिथे येतात. एका मुलीने लिहिलं होतं की ती लाल सूचना वाचून तिने आपले सगळे नमुने पुन्हा तपासले आणि तिची मोठी फजिती टळली. मॅडमनी ते मला दोनदा सांगायला लावलं. चेहरा उजळला आणि लगेच उतरला.

“बरं झालं. पण त्यापायी तुमची जागा गेली ती गेलीच.”

“जुनं झालं, मॅडम.”

“जुनं झालं म्हणून बरोबर होत नाही. मी तुम्हाला विचारलं नाही, जगदीशभाऊ. कागद टेबलावर ठेवला आणि खिडकीकडे पाहत राहिले.”

“विचारलं असतं तर मी नको म्हणालो असतो.”

“म्हणूनच विचारलं नाही. सूचना मी त्याच दिवशी लावली असती, तुम्ही काहीही म्हणाला असतात तरी. पण विचारायला हवं होतं. आबा म्हणायचे, दुसऱ्याने परत बोलून दाखवल्याशिवाय खटका ओढायचा नाही. मी तुम्हाला बोलूच दिलं नाही.”

इतकी वर्षं ज्या एका वाक्याची वाट पाहिली ते आलं तेव्हा ते ऐकवत नव्हतं. मॅडम रडल्या नाहीत, त्या रडणाऱ्यांतल्या नाहीत. मीच रुमाल शोधत होतो. हे खाजगी बोलणं गौरवग्रंथात शोभतं का, असं काही जणांना वाटेल. मी मॅडमची परवानगी घेतली आहे. त्या म्हणाल्या, “गौरव लिहायचा तर हेही घाला. चूक पुसलेली नोंद मला चालत नाही.”

त्याच आठवड्यातल्या शनिवारपासून वाचन पुन्हा सुरू झालं आहे. अक्का कागदावरून वाचतात, मी पडद्यावर बघत परत बोलतो आणि मॅडम ऐकतात. अक्का आयुष्यभर शाळेत मुलांना पाढे शिकवत होत्या, त्यामुळे त्यांच्या वाचनाला पाढ्याची चाल लागते आणि मॅडम त्यांना दटावतात. माझी मुलगी कधी बरोबर आली तर मेहरूणच्या तलावावर बदकं बघून येते आणि विचारते, अजून आंबेच चालू आहेत का. मॅडमचे डोळे अधू झाले पण कान तसाच आहे. परवा अक्कांचा चष्मा घरंगळला आणि एक ऊस सुटला. मॅडमनी हात वर केला. “थांबा. परत वाचा.”

मला या सगळ्याचं वाईटही वाटतं, ते लपवत नाही. जे करायला खोलीभर तरुण आवाज होते, ते आता दोन म्हाताऱ्या बहिणी आणि एक दुकानदार करतात. मॅडमचे विद्यार्थी आज हैदराबादला आहेत, परदेशात आहेत, मोठ्या पदांवर आहेत, आणि त्यांचा आम्हाला अभिमान आहे. त्यांच्यातल्या कुणालाही विचारा, ते सांगतील की पहिला धडा त्या खोलीत मिळाला. पण त्या खोलीतला संग्रह अजून चालू आहे का, हे किती जणांनी पाहिलं असेल? आता यंत्रं एका दिवसात जेवढी अक्षरं ओकतात, तेवढी आम्ही तिघं मिळून जन्मभर वाचली नसती. मॅडमना हे माझ्यापेक्षा चांगलं कळतं. एकदा वाचन संपल्यावर म्हणाल्या, “या वेगाने आपल्याच्याने पूर्ण होणार नाही, जगदीशभाऊ.” मी म्हटलं, “नाही होणार.” त्या म्हणाल्या, “मग पुढच्या वेळी थोडं लवकर या.”

केंद्र झालं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी करत नाही असं म्हणणं खोटं होईल. संग्रहाला माणसं मिळाली असती, यंत्रं मिळाली असती, मला खुर्ची मिळाली असती. पण मग ती एक नोंद खोटी राहिली असती आणि तिच्यावर बाकी सगळं उभं राहिलं असतं. मला आता कुणी विचारलं, त्या दिवशी सूचना लावायची की नाही, तर मी लावा म्हणेन. हे मॅडमना मी सांगितलं आहे. उशिरा सांगितलं, एवढीच हळहळ आहे.

समारंभाची तारीख ठरवायला गौरव समितीची मंडळी मेहरूणला आली तेव्हा मी तिथेच होतो. सगळ्यांच्या सोयीचा म्हणून त्यांनी शनिवार सुचवला. मॅडम म्हणाल्या, “शनिवारी आमचं वाचन असतं.” मंडळींना वाटलं काही ग्रंथाचं वाचन असेल. एकजण अदबीने म्हणाले, “एक दिवस खंड पडला तर चालेल ना, मॅडम?” मॅडमनी माझ्याकडे मान वळवली आणि या वेळी त्यांनी विचारलं, “जगदीशभाऊ, चालेल का?” मी म्हटलं, “सत्कार सकाळी ठेवला तर चालेल.” म्हणून सत्कार सकाळी आहे.

मॅडमना उदंड आयुष्य लाभो, तब्येत ठणठणीत राहो, आणि डोळ्यांत जो थोडा उजेड शिल्लक आहे तो तेवढा तरी टिकून राहो, असं मी आपल्या सर्वांच्या वतीने मागतो. वक्त्यांना हात जोडून एक विनंती आहे, भाषणं आटोपशीर ठेवावीत. वांग्याचा विभाग आम्ही अर्ध्यावर सोडला आहे. शाल-नारळ झाला की मी सभागृहाच्या दाराशी स्कूटर सुरू करून उभा असेन. ज्यांना मॅडमचा खरा सत्कार करायचा आहे त्यांनी हार नाही आणला तरी चालेल, घसा साफ करून मागोमाग मेहरूणला यावं. वाचायला माणसं नाहीत. ऐकायला मॅडम अजून आहेत.